साचा काढायचा नाही

मुरारच्या पुढे, बडागाव रस्त्याला,
मोहरीच्या शेताला लागून प्लॉट.
खासगीवाल्यांनी आधी हवा मोजली, मग जमीन.
एकतीस वर्षं हवामान खात्यात
पहाटेचं किमान तापमान लिहिलेला माणूस,
त्याचा विटेवर भरवसा नव्हता.
म्हणाले, वीट ऊन साठवते म्हणतात,
पण पौषात ग्वाल्हेरला ऊन असतं कुठे?
अकरापर्यंत धुकं,
आणि रात्री वीट थंडीला फितूर.

काकूंच्या बोटांबद्दल काही बोलले नाहीत.
ती मी पाहिली होती, नकाशावर सही करताना.
छत्रीबाजारात बावीस वर्षं टायपिंग शिकवलेली बोटं,
आता थंडीत पेन धरेनात.

मग ट्रकमधून ठोकळे आले.
थर्माकोलचे, पोकळ,
पोराने काखोटीला मारावेत इतके हलके.
एक वाऱ्याने उडाला, शेतात जाऊन पडला.
हरिओम कुशवाह, माझा मिस्त्री,
त्यामागे धावला, उचलून आणला,
ठोकून पाहिला नारळासारखा:
"साब, जे तो टीवी की पॅकिंग है."
मी हसलो नाही. मलाही तेच वाटत होतं.

सगळा जन्म मी सेंटरिंग काढत आलो.
फळ्या सुटतात, वाकडे खिळे डब्यात जमतात,
काँक्रीट उघडं पडतं,
आणि आपण म्हणतो, झाली भिंत.
इथे कागदावर लिहिलं होतं
साचा काढायचा नाही.
ज्याने धरलं त्याने तिथेच राहायचं,
आतून एक, बाहेरून एक,
आणि मधे अंधारात सळया, खडी, सिमेंट.
मला ते पटायला वेळ लागला.
जो धरतो त्याला आपण निघून जाताना पाहिलेलं असतं.

ओतणं दोन-दोन फुटांनी, घाई नाही.
तिसऱ्या थराला आग्नेय कोपऱ्यात
भिंतीला पोट आलं.
कोणी फळी शोधायला पळालं, कोणी पंप बंद करायला,
हरिओमने नुसती पाठ लावली.
पाय मातीत रोवून, बंद दार आतून धरावं तसा
उभा राहिला. पाऊण तास.
फळी आली, टेकू आला, तरी हलेना.
काकूंनी चहा आणला,
त्याचे हात लेप्याने माखलेले,
म्हणून ग्लास त्यांनीच धरला त्याच्या तोंडाशी,
दोन्ही तळव्यांत,
बोटांनी धरवत नव्हता ना.

संध्याकाळी तो बंडी झटकत म्हणाला,
"पीठ को ठंड नहीं लगी, साब."
इतकंच.
दुसऱ्या दिवशी विचारलं, कापलेले तुकडे फेकणार का?
सायकलला दोन्ही बाजूंनी बांधून नेले
गोले का मंदिरच्या मागे, पत्र्याच्या खोलीत.
सहा खेपा. सातव्यांदा मी गाडी दिली,
आणि आधी का दिली नाही
ते अजून सापडलेलं नाही.

जानेवारीत गेलो जेवायला.
दोन तापमापक, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना.
बाहेर साडेतीन, आत सतरा,
काका वहीत लिहितात, जुन्याच अक्षरात,
वरच्या साहेबाला पाठवायचं असल्यासारखं.
काकूंनी भाकरी थापली. मी बोटांकडे पाहिलं,
त्यांनी मला पाहताना पाहिलं.

पण घर फार गप्प आहे, म्हणाल्या.
दूधवाल्याची घंटा नाही, झाशीची गाडी नाही,
कुत्रीसुद्धा दुसऱ्या गावात भुंकल्यासारखी.
म्हणून झोपताना त्या खिडकी उघडतात.
काका भांडत नाहीत. वहीत एक रकाना वाढवलाय:
खिडकी, एक बोट. आत पंधरा.

गिलावा छान बसलाय सगळीकडे.
फक्त आग्नेय कोपऱ्यात भिंत जरा पुढे आहे,
डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळते.
नेमकं तिथेच कॅलेंडर लावलंय काकूंनी
आणि ते काही केल्या सपाट बसत नाही.